उन्हाने खराब झालेलं लाकडी दार: पॉलिश का टिकत नाही आणि ते कसं टिकवायचं? संपूर्ण माहिती



तुमच्या मोबाईलचं पारदर्शक कव्हर आठवा. घेतलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ होतं आणि काही महिन्यांतच पिवळं पडलं. कितीही घासलं तरी तो पिवळेपणा जात नाही, कारण तो मळ नसतोच. ही मऊ कव्हरं बहुतेक वेळा टीपीयू नावाच्या प्लास्टिकची असतात. टीपीयू हा पॉलीयुरेथेनचाच एक प्रकार. ऊन आणि उष्णता लागून त्याची रासायनिक रचना बदलते आणि ते पिवळं पडतं. आता गंमत बघा, सुतार ज्याला 'पीयू पॉलिश' म्हणतात तेही पॉलीयुरेथेनच. तेच आपण घराच्या दाराला लावतो, आणि ते दार रोज चार-पाच तास उन्हात उभं असतं.

या लेखात आपण बघणार आहोत की उन्हात लाकडी दाराचं नेमकं काय होतं, पॉलिश का सोलून निघतं, दार पुन्हा नीट कसं करायचं आणि या सगळ्यात खिशातला मोबाईल कुठे कुठे कामाला येतो. पण त्याआधी माझी चूक सांगतो.

सोलापूरला आमच्या घराचं पुढचं दार सागवानी आहे. आजोबांनी घर बांधलं तेव्हा करून घेतलेलं, तोंड पश्चिमेला. चार वर्षांपूर्वी मे महिन्यात मी घरी गेलो, तेव्हा दार राखाडी आणि खरखरीत झालं होतं. मी दोन व्हिडिओ बघितले, दुकानातून चकचकीत क्लिअर वॉर्निशचा डबा आणला आणि भर दुपारी दोन हात मारले. संध्याकाळी दार आरशासारखं दिसत होतं. स्टेटसला फोटोही टाकला. दसऱ्याला घरी आलो तर बारीक भेगा पडल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात वॉर्निश भाजलेल्या पापडासारखं उचलून आलं होतं. वडिलांनी स्टीलच्या दाराचं कोटेशन आणलं. आजी एवढंच म्हणाली, "हे लाकूड निवडायला ह्यांनी वखारीत किती फेऱ्या मारल्या होत्या. बघ बाबा काही होतंय का."

तेव्हा मी हा विषय पहिल्यांदा नीट समजून घेतला. चला तर मग, सुरुवात करूया.

उन्हात लाकडाचं नेमकं काय होतं?

लाकूड मुख्यतः तीन गोष्टींचं बनलेलं असतं: सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजचे धागे असतात आणि लिग्निन त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं. सोपं सांगायचं तर लिग्निन म्हणजे लाकडातला डिंक. साधारण २० ते ३० टक्के लाकूड हे लिग्निनच असतं.

अडचण अशी, की हे लिग्निन अतिनील किरण म्हणजे यूव्ही भरपूर शोषून घेतं आणि त्यामुळे तुटतं. आधी लाकडाचा रंग पिवळसर किंवा गडद होतो. मग पाऊस येतो आणि तुटलेलं लिग्निन धुऊन नेतो. मागे उरतात सुटे धागे. त्यात बुरशीची भर पडली की दार राखाडी दिसायला लागतं.

पण यात एक चांगली बातमीही आहे. यूव्ही लाकडात फार खोल जात नाही. ते साधारण ७५ मायक्रॉनपर्यंत, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढंच आत शिरतं. डोळ्यांना दिसणारा प्रकाश त्याहून थोडा खोल, साधारण २०० मायक्रॉनपर्यंत जातो. म्हणजे राखाडी, मेलेलं दिसणारं दार बहुतेक वेळा आतून ठणठणीत असतं. आमच्या सुतारकाकांनी दार बघून हेच सांगितलं, "दार खराब नाही झालं रे, वरचं कातडं खराब झालंय."

मग क्लिअर वॉर्निश सोलून का निघतं?

इथेच बहुतेक जणांची चूक होते, माझीही झाली. आपल्याला वाटतं वॉर्निश खराब होतं म्हणून ते निघतं. बऱ्याचदा वॉर्निश धड असतं, त्याच्या खालचं लाकूड सुटलेलं असतं.

साधं क्लिअर वॉर्निश पाणी अडवतं, पण ते पारदर्शक असल्यामुळे ऊन आत जाऊ देतं. ते ऊन वॉर्निशच्या खाली जाऊन लिग्निन तोडतं. ज्या थराला वॉर्निश चिकटलंय तोच थर सैल झाला की वॉर्निश धरणार कशाला? भिंतीचं प्लास्टर सुटलं की त्यावरचा रंगही जातो, तसंच हे.

याची खात्री मोबाईलवर करता येते. सोलून निघालेला एक तुकडा उलटा करा आणि कॅमेऱ्याचा मॅक्रो मोड लावून फोटो घ्या. तुकड्याच्या मागे लाकडाचे बारीक धागे चिकटलेले दिसले, तर समजा की खालचं लाकूड सुटलंय. माझ्या तुकड्यांवर ते धागे स्पष्ट दिसत होते. कारण मी राखाडी, सुट्या धाग्यांच्या थरावरच वॉर्निश मारलं होतं.

अमेरिकेत मॅडिसन शहरात फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी नावाची संस्था १९१० पासून लाकडावर संशोधन करते. तिथल्या प्रयोगांत दिसलं, की कोरं लाकूड रंगवण्याआधी काही आठवडे जरी उघड्यावर राहिलं तरी त्यावर रंगाची पकड कमी होते. आमचं दार तर कित्येक वर्षं तसंच उभं होतं. आपल्याकडे बंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेतही उन्हाने लाकूड कसं खराब होतं आणि ते कसं वाचवायचं यावर काम झालेलं आहे.

तर या लेखातला एकच मुद्दा लक्षात ठेवायचा असेल तर हा: उन्हातल्या दाराला चकाकीपेक्षा प्रकाश अडवणारा थर लागतो. बाकी सगळं यातूनच येतं.

आधी मोबाईल काढा: दाराची तपासणी

१. कंपास: बंद दाराला पाठ लावून बाहेर तोंड करून उभे राहा आणि दिशा बघा. पूर्वेच्या दाराला वर्षभर सकाळचं ऊन, पश्चिमेच्या दाराला वर्षभर दुपारनंतरचं. पश्चिमेला जास्त त्रास होतो, कारण हवा आणि दार आधीच तापलेलं असतं. दक्षिणेच्या दाराचं मात्र वेगळं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत या दाराला भरपूर ऊन लागतं. सोलापूरसारख्या ठिकाणी मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेलाच असतो, म्हणून दक्षिणेचं दार तेव्हा जवळपास सावलीत असतं. 'शून्य सावली दिवस' ऐकला असेल ना, त्याच्याशीच याचा संबंध आहे.

२. हवामान अ‍ॅप: त्यात यूव्ही इंडेक्स बघा. ० ते २ कमी, ३ ते ५ मध्यम, ६ ते ७ जास्त, ८ ते १० खूप जास्त आणि ११ च्या पुढे अतितीव्र. आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी ११ च्या वर जाणं नवीन नाही. पण एक लक्षात घ्या, हा आकडा माणसाच्या त्वचेसाठी आणि आडव्या जमिनीसाठी काढलेला असतो. उभ्या दाराला तो जसाच्या तसा लागू होत नाही. त्याकडे फक्त अंदाज म्हणून बघा.

३. कॅमेऱ्याने यूव्ही मोजणारी अ‍ॅप्स: यांच्या नादी लागू नका. बहुतेक फोनमध्ये यूव्ही सेन्सर नसतोच. २०१४ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोट ४ मध्ये तो होता, पण ती सोय पुढे रुळली नाही. फोनचा लाइट सेन्सर दिसणारा प्रकाश मोजतो, यूव्ही नाही.

४. टाइमलॅप्स: सुट्टीच्या दिवशी फोन समोर सावलीत ठेवून दाराचा टाइमलॅप्स घ्या. ऊन किती वाजता येतं, कुठून कुठे सरकतं आणि दाराच्या कोणत्या भागावर जास्त वेळ राहतं हे लगेच कळेल. आमच्या दाराचा खालचा अर्धा भाग सगळ्यात जास्त भाजत होता.

५. फ्लॅशलाइट: संध्याकाळी मोबाईलची बॅटरी दाराला अगदी चिकटवून तिरकी धरा. समोरून न दिसणारे फुगे, भेगा आणि ओरखडे तिरक्या उजेडात लगेच दिसतात.

दार वाचेल की बदलावं लागेल?

तीन सोप्या चाचण्या करा.

* पाण्याचा थेंब: दारावर थोडं पाणी शिंपडा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर फिनिश अजून काम करतंय. काही मिनिटांत पाणी मुरून डाग गडद झाला तर संरक्षण संपलंय.
* चिकटपट्टी: फिनिशवर पट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढा. पट्टीबरोबर तुकडे निघाले तर त्यावर नवीन हात मारण्यात काही अर्थ नाही, जुनं काढावंच लागेल.
* स्क्रू ड्रायव्हर: दाराच्या खालच्या भागात आणि चौकटीच्या पायाशी टोक हलकं दाबून बघा. टोक सहज आत गेलं किंवा भुसा पडला तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. इथे पॉलिश उपयोगाचं नाही, आधी सुताराला दाखवा.

महत्त्वाची सूचना: तुमचं दार भरीव लाकडाचं आहे की फ्लश डोअर, हे आधी तपासा. फ्लश डोअरवरचं व्हिनिअर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकतं. जोरात घासलं तर खालचं प्लायवूड दिसेल आणि मग परत फिरता येत नाही. व्हिनिअर फुगून सुटलं असेल तर वर काहीही लावलं तरी ते टिकणार नाही.

कोणतं फिनिश निवडायचं?

१. ऑइल पेंट किंवा बाहेरचा इनॅमल (अपारदर्शक रंग): लाकूड दिसत नाही, पण संरक्षण सगळ्यात जास्त, कारण रंगद्रव्य ऊन लाकडापर्यंत पोहोचूच देत नाही. खाली प्रायमर हवाच. जुन्या घरांची दारं हिरवी, निळी किंवा तपकिरी रंगवलेली दिसतात, ती आता अडाणीपणाची वाटत नाहीत मला.

२. रंगीत वूड स्टेन किंवा रंगीत एक्स्टिरिअर वूड ऑइल: यात लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण असतात. रेषा दिसतात आणि बरंचसं यूव्हीही अडतं. याचा जाड थर बसत नसल्यामुळे ते सोलून निघत नाही, हळूहळू फिकट होतं. पुढच्या वेळी धुऊन, हलकं घासून वरून हात मारता येतो. मी शेवटी हेच निवडलं.

३. बाहेरचा पीयू किंवा बोटींवर लावतात तसला लवचीक वॉर्निश: चमक हवी असेल तर हा पर्याय. पण दोन हातांत भागत नाही, कमीत कमी ३-४ पातळ हात लागतात आणि दरवर्षी एक ताजा हात द्यावा लागतो. खाली रंगीत स्टेन दिला तर जास्त टिकतो.

४. जवसाचं उकळलेलं तेल: रंगाच्या दुकानात याला बेलतेल म्हणतात. लाकूड सुंदर दिसतं, लावायला सोपं. पण ते ऊन जवळजवळ अडवत नाही आणि पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. सावलीतल्या दाराला ठीक.

काय लावू नये? स्पिरिट पॉलिश म्हणजे चपडा लाखेचं पॉलिश घरातल्या फर्निचरला छान, पण पाण्याने पांढरं पडतं आणि उष्णतेने मऊ होतं. मेलामाईन आणि घरातला पीयू हेसुद्धा आतल्या कामासाठीच. एपॉक्सी नुसती उन्हात ठेवली की पिवळी पडून भुकटी होते.

आणि रंग निवडताना हेही बघा: काळपट चॉकलेटी दार उन्हात जास्त तापतं, त्यामुळे लाकूड जास्त हलतं आणि भेगा पडतात. मध्यम तपकिरी किंवा मधासारखा रंग बरा.

डब्यावर काय वाचायचं?

दुकानदार "हे एक नंबर आहे" म्हणतो, पण डबा आपण वाचायचा. 'एक्स्टिरिअर' शब्द आहे का? यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर किंवा एचएएलएसचा उल्लेख आहे का? अ‍ॅब्सॉर्बर यूव्ही स्वतः शोषून घेतो, आणि एचएएलएस हा फिनिशमध्ये सुरू झालेली मोडतोड थांबवणारा घटक आहे. पीयू असेल तर 'अ‍ॅलिफॅटिक' लिहिलंय का ते बघा. 'अ‍ॅरोमॅटिक' प्रकार उन्हात पिवळा पडतो, तुमच्या मोबाईल कव्हरसारखाच.

डब्यावरची माहिती अपुरी वाटली तर उत्पादनाचं पूर्ण नाव टाकून त्याची 'टेक्निकल डेटा शीट' शोधा. साधारण एक-दोन पानांची पीडीएफ असते. थिनर किती घालायचं, दोन हातांमध्ये किती तास थांबायचं आणि एका लिटरमध्ये किती जागा होते, हे सगळं त्यात मिळतं.

काम कधी करायचं?

महाराष्ट्रात सगळ्यात चांगला काळ म्हणजे पावसाळा पूर्ण संपल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात लाकूड ओलं असतं. एप्रिल-मेमध्ये दार इतकं तापतं की थिनर पटकन उडून जातं, वरचा थर आधी सुकतो आणि आतली वाफ फुगे काढते. माझ्या पहिल्या प्रयोगात नेमकं हेच झालं होतं.

हवामान अ‍ॅपमध्ये दोन आकडे बघा. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव बनून बसतं तो आकडा. दाराचं तापमान दवबिंदूपेक्षा कमीत कमी ३ अंश जास्त असावं, नाहीतर ओल्या हातावर दव बसून तो पांढुरका होतो. कोकणात आणि गोव्यात पहाटेच्या वेळी हे जरूर तपासा.

दार रिफिनिश करण्याच्या स्टेप्स

स्टेप १: फोटो आणि सामान काढणं. कडी-कोयंडा, हँडल, नावाची पाटी काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या. स्क्रू वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. हे न केल्यामुळे माझा एक तास फक्त स्क्रू जुळवण्यात गेला.

स्टेप २: धुणं. सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून घ्या आणि दार पूर्ण वाळू द्या. तेलाचे, हळदी-कुंकवाचे डाग आणि जुन्या स्टिकरचा चिकटपणा आधीच काढा. तो राहिला तर घासताना लाकडात भरतो.

स्टेप ३: जुनं फिनिश काढणं. सुटलेले तुकडे स्क्रॅपरने काढा. मग पॉलिश पेपर ८० नंबर, त्यानंतर १२०, शेवटी १८०. नेहमी रेषांच्या दिशेने घासा, आडवं घासलं तर ओरखडे स्टेन लावल्यावर उठून दिसतात. राखाडी थर संपून मधासारखा रंग दिसेपर्यंत थांबू नका. त्या दिवशी आमच्या दाराचा एक वीतभर भाग मोकळा झाला आणि आतून पिवळसर सागवान दिसलं, तेव्हा मी आजीला हाक मारून बाहेर बोलावलं. तिने नुसता हात फिरवला त्यावरून.

इथे सावध राहा: दार खूप जुनं आणि रंगवलेलं असेल तर त्या रंगात शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम करणारा नियम २०१६ मध्ये आला आणि २०१७ च्या शेवटी लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. असा रंग कोरडा घासू नका. ओला करून वॉटर पेपरने घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खाली पसरलेलं प्लास्टिक गुंडाळून टाका. साध्या सागवानाची धूळही नाकाला आणि त्वचेला त्रास देते, त्यामुळे मास्क सगळ्यांनाच हवा.

स्टेप ४: काळे डाग. लोखंडी खिळ्याभोवती लाकूड काळं पडतं. हे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने फिकट होतात. पण ते विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, पाकिटावरचंच प्रमाण वापरा आणि नंतर दार साध्या पाण्याने दोन-तीनदा पुसून पुन्हा वाळू द्या.

स्टेप ५: भेगा भरणं. बाहेरच्या कामाचं वूड फिलर वापरा. भिंतीची पुट्टी लाकडात भरू नका, लाकूड हललं की ती सुटते.

स्टेप ६: सागवान असेल तर पुसणं. सागवानात नैसर्गिक तेलं असतात, ती फिनिशला नीट सुकू देत नाहीत. म्हणून हात मारायच्या अगदी आधी कापडावर थिनर घेऊन दार पुसा, ते उडून जाऊ द्या आणि मग लगेच कामाला लागा. घासून ठेवलेलं कोरं दार आठवडाभर उन्हात सोडू नका.

स्टेप ७: वरची आणि खालची कड. ही जागा जवळजवळ सगळे विसरतात. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात, त्यामुळे पाणी समोरच्या भागापेक्षा कितीतरी पट वेगाने शिरतं. वरच्या कडेचा फोटो मोबाईल उंच धरून घ्या, खालच्या कडेसाठी फटीत छोटा आरसा सरकवा. आमच्या दाराची खालची कड पूर्ण कोरी निघाली. सुतारकाकांनी सकाळी दार बिजागरीतून उतरवलं, आम्ही कडांना तीन पातळ हात दिले आणि संध्याकाळी दार परत बसवलं. रात्री घराला दार नको का? समोरची बाजू मग दार जागेवर असतानाच केली.

स्टेप ८: हात मारणं. पातळ हात, रेषांच्या दिशेने. स्टेन किंवा ऑइल असेल तर लाकूड जितकं पिईल तितकं पिऊ द्या आणि वर राहिलेलं १५-२० मिनिटांनी किंवा डब्यावर लिहिलेल्या वेळेला कापडाने पुसा. पुसलं नाही तर चिकट राहतं. वॉर्निश असेल तर दोन हातांमध्ये बारीक पेपर हलका फिरवा. पश्चिमेच्या दाराचं काम सकाळी लवकर करा, आणि दुपारी ऊन यायच्या आत दारापासून थोडं अंतर ठेवून चादर किंवा ताडपत्री बांधा.

धोक्याची सूचना: तेलाने भिजलेली कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं कापड आपोआप पेटू शकतं. कापडं पाण्याच्या डब्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

सावली: सगळ्यात स्वस्त संरक्षण

जुन्या वाड्यांची दारं इतकी वर्षं टिकली त्याचं एक कारण म्हणजे ती जाड भिंतीत आत बसवलेली असायची. गोव्यातल्या जुन्या घरांना पुढे बालकांव असतो, त्याच्या सावलीत दार असतं. आपण आता सपाट भिंतीत, बाहेरच्या कडेला दार बसवतो आणि मग पॉलिशला दोष देतो.

छज्जा किती कामाचा, याचा हिशोब सोपा आहे. समजा छज्जा २ फूट पुढे आलाय आणि सूर्य दाराच्या बरोबर समोर आहे. सूर्य ६० अंश उंच असेल तर छज्ज्याच्या खाली साधारण साडेतीन फूट सावली पडते. ४५ अंशांवर २ फूट. ३० अंशांवर जेमतेम एक फुटाच्या वर. म्हणूनच पश्चिमेच्या दाराला संध्याकाळी छज्जा पुरत नाही. तिथे बांबूची चटई, कापडी पडदा किंवा अंगणात एखादं झाड जास्त उपयोगी. आम्ही दुपारी २ नंतर खाली सोडायची बांबूची चटई लावली. हे काम आजीने स्वतःकडे घेतलंय.

वर्षभराची देखभाल

* मोबाईलमध्ये वर्षातून दोन रिमाइंडर लावा: एक मेच्या शेवटी पावसाळ्याआधी, एक दिवाळीच्या साफसफाईला.
* प्रत्येक वेळी दार पुसा, त्याच जागेवरून आणि त्याच वेळी एक फोटो घ्या आणि पाण्याच्या थेंबाची चाचणी करा. जुना-नवा फोटो शेजारी ठेवला की डोळ्यांना न कळणारा फरक कळतो.
* थेंब मुरायला लागला की लगेच एक हात द्या. सोलून निघायची वाट बघितली तर पुन्हा सगळं घासावं लागेल.
* तोरणासाठी लोखंडी खिळा ठोकू नका. पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा हूक चौकटीला लावा, काळे डाग पडणार नाहीत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

किती वर्षांनी पुन्हा करावं लागतं?
भर उन्हातल्या दाराला क्लिअर वॉर्निश दरवर्षी, रंगीत स्टेन साधारण २-३ वर्षांनी. अपारदर्शक रंग त्याहून जास्त टिकतो. सावली असेल तर हे सगळे आकडे वाढतात.

खोबरेल किंवा मोहरीचं तेल चालेल का?
नाही. खोबरेल सुकतच नाही आणि मोहरीचं तेलही नीट सुकून कडक होत नाही. दोन्हींवर धूळ बसून दार चिकट आणि काळं होतं.

कोरीव दारावर पारदर्शक शीट लावली तर?
शीटच्या मागे उष्णता आणि ओल कोंडते. त्यापेक्षा पडदा बरा.

जुन्या वॉर्निशवर नवीन मारलं तर चालेल का?
चिकटपट्टीच्या चाचणीत एकही तुकडा निघाला नाही आणि खालचं लाकूड राखाडी नसेल, तर हलकं घासून मारता येतं. नाहीतर नाही.

शेवटी एवढंच...

आमच्या दाराला आता तीन वर्षं होतील. मध्ये एकदा, गेल्या दिवाळीला, धुऊन आणि हलकं घासून एक हात दिला. अर्ध्या दिवसात काम झालं. दार आरशासारखं चमकत नाही, पण सोललेलंही नाही. स्टीलच्या दाराचं कोटेशन वडिलांच्या ड्रॉवरमध्ये अजून पडून आहे.

तुमच्याही घरी असं राखाडी पडलेलं दार असेल, तर नवीन दार बघायला जाण्याआधी एका कोपऱ्यात वीतभर जागा घासून बघा. आत काय लाकूड आहे ते कळेल, मग ठरवा. माहिती उपयोगी वाटली तर ज्यांच्या घराला जुनं दार आहे त्या मित्रांना नक्की पाठवा. भेटूया पुढच्या लेखात.